देश ठरवण्याआधी महिने मोजा

भोकरच्या मोंढ्यात कुणाच्या लेकराचा परदेशात नंबर लागला की संध्याकाळपर्यंत बातमी गावभर होते. कुठला देश, कुठलं विद्यापीठ, फी किती, हे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. चौथा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. डिग्री हातात पडल्यावर त्या देशात किती महिने काम करू देतात, आणि ते संपले की कोणत्या कागदावर राहायचं? मी नांदेड जिल्ह्यात बँकेत नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. घराचं पुढच्या दहा वर्षांचं गणित पहिल्या तीन प्रश्नांवर कमी आणि या चौथ्यावर जास्त ठरतं, हे मी त्या टेबलावरून पाहिलंय. म्हणून आज तुमच्याशी, आईबापांशी, बोलायचं आहे. मुलांना मोबाइलवर सगळं सापडतं, पण कर्जाच्या कागदावर सह्या तुमच्या असतात.

आपल्या गावावरून जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग पुढं भैंसा, निर्मलकडं जातो. त्या पट्ट्यातली, निजामाबाद-जगतियालकडची माणसं कित्येक वर्षांपासून आखातात कामाला जातात. त्यांतली बरीच जण फार शिकलेली नसतात, पण घरातून निघण्याआधी एक गोष्ट पक्की विचारून घेतात: कंपनी व्हिसा का आझाद व्हिसा? कंपनी व्हिसा म्हणजे ज्याच्या नावानं कागद, त्याच्याकडंच काम. आझाद म्हणजे कागदावर एक मालक आणि काम भलतीकडं. धरलं तर ना दाद ना फिर्याद. हे शहाणपण त्यांना ठेचा खाऊन आलंय. आणि आपलं लेकरू बी.टेक. झालेलं, इंग्रजी बोलणारं, म्हणून त्याच्या व्हिसाची चौकशी करणं आपल्याला कमीपणाचं वाटतं! इमिग्रेशनच्या खिडकीवर मजुराला लागतात तसेच नियम इंजिनिअरलाही लागतात, एवढं ध्यानात असू द्या.

एक जोडपं आठवतं. वडिलांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात सात-बारा, आठ-अ, मोंढ्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्या आणि सगळ्यात वर अमेरिकेतल्या विद्यापीठाचं ऑफर लेटर. ते सांगत होते, "साहेब, सात एकर हाय आपली, विहीर हाय, तारणाला कमी न्हाई." मला सांगावं लागलं की असल्या कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण धरत नाहीत. घर चालतं, एनए प्लॉट चालतो, मुदत ठेव चालते. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागं बसलेल्या माउलीनं विचारलं, "साहेब, पोरगं फोनवर सारखं ओपीटी ओपीटी म्हंतंय, ते काय असतंय?" नवरा म्हणाला, "तू गप, ते नंतरचं हाय." मी त्यांना थांबवलं आणि म्हणालो, बाई बरोबर विचारतायत, आधी त्याचंच बोलू.

तेच आधी तुमच्याशीही बोलतो. अमेरिकेत शिक्षण संपलं की विद्यार्थ्याला बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटातली डिग्री असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. म्हणजे कॉम्प्युटर सायन्सवाल्याला तीन वर्षं आणि साधं मॅनेजमेंट केलेल्याला एकच वर्ष, फी दोघांनाही भारीच. काही विद्यापीठांनी मॅनेजमेंटचे कोर्सही तंत्रज्ञानाच्या गटात बसवून घेतलेत. आपल्या लेकराचा कोर्स कुठल्या गटात आहे, हे विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-ट्वेंटी नावाच्या कागदावरच्या कोडवरून कळतं. तो कागद त्याच्याकडून मागून घ्या आणि कोड कुठल्या गटातला ते त्यालाच विचारा. त्याला सांगता आलं नाही तर त्यानं अजून नीट पाहिलेलं नाही, असं समजा. आणखी एक बारीक अट आहे. ओपीटीच्या पहिल्या बारा महिन्यांत सगळे मिळून नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही.

ओपीटीनंतर येतो एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार व्हिसे, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वर २० हजार. मागणी याच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. २०२५ च्या वसंतातल्या फेरीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या होत्या आणि निवड झाली १ लाख २० हजारांची. म्हणजे तिघांत एक. २०२६ पासून ही सोडतही सरळ राहिलेली नाही. पगाराची श्रेणी जेवढी वरची तेवढ्या जास्त चिठ्ठ्या, खालच्या श्रेणीला एक आणि सगळ्यात वरच्या श्रेणीला चार. नुकतं शिकून बाहेर पडलेलं लेकरू साहजिकच खालच्या श्रेणीत बसतं. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. तिथंच शिकून तिथूनच व्हिसा बदलून घेणाऱ्याला तो लागत नाही, असा खुलासा नंतर झाला, पण जो एकदा भारतात परतला त्याला पुन्हा बोलावताना कंपनी दहादा विचार करणार. ग्रीन कार्डाची तर गोष्टच काढू नका. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही आणि आपली रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढलेली. २०२५ संपताना मास्टर्सवाल्या गटात २०१३ साली रांगेत लागलेल्या भारतीयांचा नंबर चालू होता.

मी अमेरिका नको म्हणत नाही. पगार तिथंच सगळ्यात चढा आहे आणि कर्ज लवकर फेडलेली घरंही मी पाहिलीत. माझं म्हणणं एवढंच, की गणित ओपीटीच्या महिन्यांवर मांडा. एच-वन-बी मिळालाच तर तो वरचा नफा. चाळीस लाखांचं कर्ज धरा, अकरा टक्क्यांनी. दोन हप्त्यांत पैसे उचलले, दोन वर्षांचा कोर्स आणि वर सहा महिन्यांची सवलत, एवढ्यात व्याजासकट ते ४९ लाखांच्या घरात जातं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ६७ हजार. अमेरिकेच्या पगारात तो सहज बसतो. पुण्यातल्या नव्या नोकरीच्या पगारात बसत नाही, आणि सोयाबीनच्या भावात तर नाहीच नाही. म्हणून छत्तीस महिन्यांत निदान निम्मं कर्ज मोकळं होईल का, हे लेकराला कागदावर मांडून दाखवायला सांगा. बारा महिनेच मिळणार असतील तर मी त्या कर्जावर सही केली नसती.

इंग्लंडचं थोडक्यात. मास्टर्स एका वर्षाचं, म्हणून खर्च कमी वाटतो. डिग्रीनंतर दोन वर्षं काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा जुलै २०२१ पासून आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना अठराच महिने मिळतील. आज प्रवेश घेणारी मुलं याच अठरा महिन्यांत येतात, जाहिरातीत मात्र अजून दोन वर्षं छापलेली दिसतात. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा. त्याला परवाना असलेलीच कंपनी लागते आणि जुलै २०२५ पासून पगाराची मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना ३३,४००. लंडनबाहेर नव्या मुलाला एवढा पगार देणारे थोडेच. साध्या मास्टर्सवाल्याला बायको-मुलं सोबत नेता येत नाहीत, हे २०२४ पासून बंद झालंय. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हे आधीच सांगा, नंतर फार कटकटी होतात.

कॅनडाचं नाव आपल्याकडं पंजाब्यांमुळं गाजलं. तिथं निदान आठ महिन्यांचं मास्टर्स केलं तर तीन वर्षांचा खुला कामाचा परवाना मिळू शकतो, कुठल्याही कंपनीत काम करा. लॉटरी नाही. कायम राहण्यासाठी गुणांची पद्धत आहे: वय, शिक्षण, इंग्रजी, फ्रेंच, तिथला अनुभव. पण मास्टर्स आणि कॉलेजातला डिप्लोमा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या डिप्लोमावाल्यांना ठरलेल्या विषयांतच परवाना मिळतो. सरकारी कॉलेजचं नाव लावून खासगी संस्था चालवायच्या त्या शाखांतून नव्यानं शिकणाऱ्यांना मे २०२४ पासून परवाना मिळतच नाही. एजंट स्वस्त म्हणून नेमकं हेच पुढं करतात. आणि राहण्याच्या खर्चापोटी फी सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, २०२५ च्या सप्टेंबरपासूनचा हा आकडा. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळतात, औषधं आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या भरपूर, पण डब्लिनमध्ये खोली मिळणं हे नोकरीइतकंच अवघड. ऑस्ट्रेलियात भारतीयांना करारानुसार मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत मिळतात, वय ३५ च्या आत हवं.

आता जर्मनीवर जरा सावकाश बोलू. शेतजमीन आहे पण एनए प्लॉट नाही, अशी आपल्याकडं शेकडो घरं आहेत, आणि त्यांच्यासाठी हा देश मला सगळ्यात जवळचा वाटतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो आहे, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानंही अलीकडं फी सुरू केली, तरी अमेरिकेच्या तुलनेत ती किरकोळ. मुख्य बोजा ब्लॉक्ड अकाउंटचा: वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे, बारा लाखांच्या आसपास. ते पैसे लेकराच्याच नावावर असतात आणि महिन्याला ९९२ युरो त्यालाच मिळतात, कुणाच्या खिशात जात नाहीत. जाण्याआधी आपल्या मार्कशीटची तपासणी करून देणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून शेवटच्या वर्षातच त्याच्या मागं लागावं.

डिग्री झाली की नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. नोकरी लागली आणि पगार मर्यादेइतका असला की ब्लू कार्ड नावाचा कामाचा परवाना. २०२६ साठी ती मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो, आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना व माणसांची टंचाई असलेल्या क्षेत्रांत ४५,९३४. सोडत नाही, चिठ्ठी नाही. बी-वन पातळीची जर्मन येत असेल तर ब्लू कार्डवर एकवीस महिने काम झाल्यावर कायम राहण्याचा अर्ज करता येतो. अमेरिकेतली ती २०१३ ची रांग आणि हे एकवीस महिने शेजारी ठेवून पाहा.

मग अडतं कुठं? भाषेत. कोर्स इंग्रजीत असतो, म्हणून मुलं भाषेकडं कानाडोळा करतात. बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजीवर भागतं, पण मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलच्या नोकऱ्या छोट्या गावांतल्या कारखान्यांत असतात आणि तिथं फोरमन जर्मनमध्येच बोलतो. अठरा महिन्यांतले बारा महिने भाषा शिकण्यात गेले तर हाती सहाच उरतात. म्हणून माझी सरळ अट असायची: आधी जर्मनची ए-टू पातळी करून ये, मग कर्जाचं बोलू. पुण्यातलं मॅक्सम्यूलर भवन आहे, ऑनलाइन वर्ग आहेत. डिग्रीच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज तासभर दिला तर ए-टू जमतं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याची आपल्याकडं बरीच चर्चा झाली. पण कराराच्या बातमीवर विसंबून घरी बसू नका, भाषा लेकरालाच शिकायची आहे. जर्मनीतल्या खासगी विद्यापीठांपासूनही सावध राहा. फी तिथंही भरपूर, आणि निम्मा कोर्स ऑनलाइन असला तर निवासाचा परवाना अडचणीत येतो. २०२५ साली बर्लिनमध्ये भारतीय मुलांवर ही पाळी आलेली आहे.

मुलींच्या आईबापांशी एक वेगळं बोलायचंय. नांदेड-लातूरकडं घरोघरी जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या लेकी आहेत. घरात इंजिनिअर भावाच्या अमेरिकेसाठी प्लॉट तारण जातो आणि नर्स झालेल्या बहिणीला "तुझं लग्नात बघू" म्हणतात. मला विचाराल तर दोघांत तिचा रस्ता जास्त पक्का आहे. बी-टू पर्यंत जर्मन आणि डिग्रीला मान्यता, एवढ्यावर जर्मनीत नर्सची नोकरी मिळते, आणि खर्च भावाच्या कर्जाच्या पासंगालाही पुरत नाही. फक्त नर्स आणि केअर वर्कर यांत गल्लत करू नका. म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करचा व्हिसा इंग्लंडनं बाहेरून येणाऱ्यांना जुलै २०२५ पासून बंद केलाय. आजही कुणी त्याच्या नावावर दहा-बारा लाख मागत असेल तर तो उघड उघड फसवतोय.

एजंटांवर बोलायला बसलो तर रात्र पुरायची नाही. एकच सांगतो. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत फार्मिंग्टन विद्यापीठ नावाचं प्रकरण उघडकीला आलं. ते विद्यापीठ नव्हतंच, नुसत्या नोंदणीवर व्हिसा टिकवणाऱ्यांना पकडायला तिथल्या सरकारनंच लावलेला सापळा होता. शंभरावर विद्यार्थी ताब्यात घेतले गेले, जवळजवळ सगळे भारतीय आणि त्यांत शेजारच्या तेलुगू मुलखातले पुष्कळ. वर्गात न बसता काम करता येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं, "हजेरी नको, पहिल्या दिवसापासून नोकरी करा," तर चहा पाजून वाटेला लावा.

मूळ अडचण कागदांच्या पलीकडची आहे. लेकरू परत आलं तर लोक काय म्हणतील, ही भीती. ती त्याला विमानतळावरच तुमच्या डोळ्यांत दिसते, मग तो तिकडं बेकार असला तरी फोनवर "चांगलं चाललंय" म्हणतो, मित्रांकडून उसने घेऊन तुम्हाला पैसे पाठवतो आणि परवाना संपल्यावरही रेंगाळतो. तिथून मग खरी अवकळा सुरू होते, कारण मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्याला पुढं व्हिसा मिळणं मुश्कील. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार आधीच झालेला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यात टाकून ते परतले. १९२० साली पैशाची जुळवाजुळव करून पुन्हा गेले आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. घेतली. मध्ये परतावं लागलं म्हणून ते कुठं कमी पडले? तुमच्या घरातही जाण्याआधीच हे बोलून ठेवा. अमुक तारखेपर्यंत नोकरी नाही लागली तर परत ये, हप्त्याचं आपण इकडं बघू, असं बापानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. आईनं सांगून भागत नाही, पोरं बापाच्या शब्दाची वाट पाहतात.

शिष्यवृत्त्यांकडंही लक्ष असू द्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत लागतं. ओबीसी, भटके विमुक्त, आदिवासी आणि मराठा विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत. जाहिरात निघाली की मुदत थोडीच असते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणि जातवैधता जात पडताळणी समितीकडून आधीच काढून ठेवा.

एमबीबीएससाठी रशिया-जॉर्जियाला जाणाऱ्यांचं प्रकरण निराळं, त्यावर इथं बोलत नाही. बाकीच्यांना विनंती एवढीच. ऑफर लेटर आलं की पेढे वाटण्याआधी घरात सगळे मिळून बसा, आईलाही बसवा. एका कागदावर डिग्रीनंतर मिळणारे कामाचे महिने लिहा, शेजारी कर्जाचे महिने लिहा, आणि वर सांगितलेले नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर लेकराकडून स्वतःसमोर उघडून वाचून घ्या, कारण ते दर सहा महिन्यांनी बदलतात. हे झाल्याशिवाय एजंटाला एक रुपयाही देऊ नका आणि शेत विकायला काढू नका.